चंचल लक्ष्मी, नांदती लक्ष्मी

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण दारात लक्ष्मीची पावले काढतो, ती आत येणारी; बाहेर जाणारी कोणी काढीत नाही. लक्ष्मी चंचल, हे ठाऊक असल्यामुळेच हा खटाटोप! अर्थव्यवहाराचा इतिहास वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, भांडवलशाही देशांतला एक मोठा वादही ह्याच गोष्टीचा आहे : लक्ष्मीला किती चंचल होऊ द्यायचे?

भांडवलशाही म्हणजे एकच, असा माझा फार दिवस समज होता. १९८९ साली बर्लिनची भिंत कोसळली. त्यानंतर दोनच वर्षांनी मिशेल आल्बेर ह्या फ्रेंच ग्रंथकाराने बजावले की, आता सामना भांडवलशाहीचा भांडवलशाहीशीच आहे. एक अमेरिकन वळणाची, दुसरी ऱ्हाइनकाठची. पहिलीत कंपनी ही भागधारकांची मालमत्ता. जो अधिक भाव देईल त्याची. दुसरीत कंपनी म्हणजे एकत्र कुटुंब. त्यात बँकेचा शब्द चालतो, तसा कामगाराचाही. जर्मनीत १९५१ च्या कायद्याने कोळसा व पोलाद कंपन्यांच्या देखरेख मंडळावर निम्म्या जागा कामगार-प्रतिनिधींना मिळाल्या. १९७६ साली दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या इतर कंपन्यांनाही तसा नियम लागू झाला. निर्णायक मत मात्र भागधारकांकडे राहिले.

ह्या दोघींची गाठ पडली ती डसेलडॉर्फ शहरात. तेथील मानेसमान कंपनी १८९० साली डॉइच बँकेच्या पाठबळावर उभी राहिलेली. बिनजोडाच्या पोलादी नळ्या ही तिची ख्याती. १९९० नंतर ती मोबाइल फोनच्या धंद्यात शिरली आणि भरभराटली. १९९९ च्या ऑक्टोबरात तिने ब्रिटनमधली ऑरेंज कंपनी घेण्याचे ठरविले. आपल्याच अंगणात पाहुणा शिरलेला पाहून ब्रिटनची व्होडाफोन चवताळली (२००७ नंतर आपल्याकडे घरोघर पोहोचली तीच ही) आणि नोव्हेंबरात तिने मानेसमानच विकत मागितली. संचालकांनी नकार देताच ती थेट भागधारकांकडे गेली.

जर्मनीत खळबळ उडाली. कामगार संघटना विरोधात उभी राहिली. चॅन्सेलर श्रोडर ह्यांनी जाहीर नापसंती दर्शविली. पण निम्म्याहून अधिक शेअर तोवर परदेशी हातांत गेले होते. फेब्रुवारी २००० मध्ये संचालकांनी मान तुकविली. सौदा सुमारे १८० अब्ज युरोंचा, तोही रोखीचा नव्हे, शेअरला शेअर! नळ्यांचा मूळ धंदा त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीकडे गेला. एकशे दहा वर्षांचा संसार तीन महिन्यांत मोडला.

मला विचारात पाडते ते पुढचेच. जाता जाता वरिष्ठ अधिकाऱ्यांना कोट्यवधींची बक्षिसे वाटण्यात आली. लंडनच्या बाजारात हे नित्याचे. डसेलडॉर्फात मात्र २००४ साली त्यावरून फौजदारी खटला उभा राहिला. आरोपी आधी निर्दोष सुटले, २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि २००६ मध्ये रकमा भरून प्रकरण मिटले. बक्षिसे मंजूर करणाऱ्या समितीवर कामगार संघटनेचा अध्यक्षही होता. त्याने विरोध केला नाही. तो तटस्थ राहिला.

तेव्हा ऱ्हाइनकाठची व्यवस्था साधी-सोज्ज्वळ आणि दुसरी लुटारू, असा सोपा निवाडा मला करता येत नाही. चंचल लक्ष्मी नव्या उद्योगांकडे झटकन धावते, हा तिचा गुण. नांदत्या लक्ष्मीच्या घरात कामगाराला पाट मिळतो, हा तिचा. पण पाट मांडला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. पाटावर बसलेल्याने वेळेवर तोंड उघडले पाहिजे.

कामगारांच्या त्या जागा जर्मन कायद्यात आजही आहेत. ह्या वर्षी दारात पावले काढताना मला त्यांची आठवण होईल. लक्ष्मी आत यावी हे तर खरेच. पण ती आल्यावर घरात कोणाकोणाला विचारले जाते, हेही पाहायला हवे.