पुंजयामिकीची पूर्वतयारी

पुंजयामिकी शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो, की त्याआधी कोणते गणित आणि कोणते भौतिकशास्त्र वाचले पाहिजे? या प्रश्नाचे उत्तर या शास्त्राच्या इतिहासातच मिळते. ज्यांनी हे शास्त्र उभे केले, त्यांनाही अशी पूर्वतयारी करावी लागली होती आणि तिची साधने जुन्या ग्रंथांत होती.

१९२५ च्या जूनमध्ये परागज्वराने त्रस्त झालेले २३ वर्षांचे वेर्नर हायझेनबर्ग उत्तर समुद्रातील हेल्गोलांट बेटावर गेले. अणूतून निघणाऱ्या प्रकाशाची वारंवारता व तीव्रता यांवरून अणूचे गणित मांडताना त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. दोन राशींच्या गुणाकारात क्रम बदलला, की उत्तर बदलत होते. गटिंगेनला परतल्यावर त्यांनी आपला निबंध माक्स बोर्न यांच्या हाती दिला. तरुणपणी ब्रेस्लाऊ येथे रोझानेस यांच्याकडे शिकलेले आव्यूहांचे बीजगणित बोर्न यांना आठवले. हा गुणाकार तोच होता! हायझेनबर्ग यांना आव्यूह ठाऊक नव्हते. आर्थर केली यांचा त्यांवरील निबंध मात्र १८५८ मध्येच प्रसिद्ध झालेला होता. सप्टेंबर १९२५ पर्यंत बोर्न आणि पास्कुआल योर्डान यांनी नव्या सिद्धांताला आव्यूहांचे रूप दिले.

हायझेनबर्ग यांच्या निबंधाची मुद्रिते केंब्रिजमध्ये पॉल डिरॅक या संशोधक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली. पुढची हकिकत स्वतः डिरॅक यांनी सांगितलेली आहे. ऑक्टोबरातील एका रविवारी फिरायला गेले असता हा क्रमसापेक्ष गुणाकार आणि अभिजात यामिकीतील प्वासाँ कंस यांत साम्य असावे, असे त्यांच्या मनात आले. पण त्या कंसांची नेमकी व्याख्या आठवेना. जवळच्या पुस्तकांत ती नव्हती आणि ग्रंथालये बंद होती. रात्र अस्वस्थतेत गेली. सोमवारी ग्रंथालय उघडताच त्यांनी व्हिटेकर यांचा विश्लेषक गतिशास्त्रावरील ग्रंथ पाहिला आणि तर्क खरा ठरला. ते कंस १८०९ मधले होते. ज्या यामिकीत ते शोभून दिसतात, ती हॅमिल्टन यांनी १८३४-३५ मध्ये मांडलेली होती.

१९२६ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी आपले तरंग समीकरण प्रसिद्ध केले. हायड्रोजन अणूसाठी ते सोडविताना हेर्मान व्हाइल या गणितज्ञाचे साहाय्य झाले. ताणलेल्या तारेच्या कंपनांचा विचार करताना विकसित झालेले गणित आता अणूच्या ऊर्जापातळ्या सांगू लागले.

तेव्हा विद्यार्थ्याला द्यावयाची यादी अशी : गणितात अवकलन-संकलन, अवकल समीकरणे, सदसत् संख्या, आव्यूह व रैखिक बीजगणित आणि संभाव्यता, भौतिकशास्त्रात हॅमिल्टनपर्यंतची यामिकी, तरंगगती आणि विद्युत्‌चुंबकत्व. यांतील बहुतेक विषय एकोणिसाव्या शतकातच आकाराला आलेले आहेत.

कपाटे अपुरी पडू लागली, की वर्षानुवर्षे कोणी न नेलेली पुस्तके काढून टाकण्याचा विचार ग्रंथालयांत होतो आणि गणिताच्या जुन्या ग्रंथांवर प्रथम दृष्टी जाते. त्या सोमवारी व्हिटेकरांचा ग्रंथ जागेवर नसता, तर डिरॅक यांना आणखी थांबावे लागले असते. शताब्दीनंतर असे निर्णय घेण्याची वेळ येईल, तेव्हा सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी ही हकिकत ध्यानात ठेवावी, एवढीच विनंती.