कॅमेरा कुणाच्या हातात?

भीमजयंतीची मिरवणूक असो, रास्ता रोको असो की गावातली मारहाण, आपल्या पोराने मोबाइल वर केला की पहिला दम येतो, "शूटिंग बंद कर, परवानगी आहे का?" नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्यांनी यावर शांतपणे एकच प्रश्न विचारावा : कोणत्या कलमाखाली? सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा भारतात नाही. संविधानाच्या कलम 19(1)(अ) ने दिलेल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यावर बंधन घालायचे तर ते कायद्यानेच घालावे लागते, दमदाटीने नाही.

पण हा प्रश्न नुसत्या कलमांचा नाही, इतिहासाचा आहे. इंग्रजांनी 1868 ते 1875 या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यात इथल्या जाती-जमातींची छायाचित्रे नमुन्यासारखी मांडली होती. कॅमेरा सत्तेकडे, आणि समोर उभी केलेली माणसे मुकी. 1923 साली त्याच सत्तेने शासकीय गोपनीयता कायदा आणला. लष्करी ठिकाणे हेरांपासून जपण्यासाठीचा हा कायदा पुढे पोलीस ठाण्यात मोबाइल चालू ठेवणाऱ्या साध्या माणसावर लावला जाऊ लागला.

नोंद दुसऱ्याच्या हातात असली की काय होते, ते आपण रमाबाई आंबेडकर नगरात पाहिले. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरला राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात 10 जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा दावा. गुंडेवार आयोगाने गोळीबार समर्थनीय ठरवला नाही. तरीही दोषी अधिकाऱ्याला जन्मठेप होण्यासाठी 2009 उजाडले. खिशाखिशात कॅमेरा असण्याचा तो काळ नव्हता. आज आहे. मग तो बंद का करायचा?

न्यायालयेही याबाबत स्पष्ट बोलली आहेत. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात व्हिडिओ काढल्याबद्दल एका नागरिकावर गोपनीयता कायद्याखाली गुन्हा दाखल झाला होता. जुलै 2022 मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला. कलम 2(8) मधील 'प्रतिबंधित ठिकाण' या व्याख्येत पोलीस ठाणे येतच नाही, असे न्यायालयाने सांगितले. सप्टेंबर 2024 मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पाथर्डीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली. तिथे पोलिसांशी झालेले बोलणे रेकॉर्ड केल्याचा आरोप होता. नांदेड आणि लातूर याच खंडपीठाखाली येतात, हे ध्यानात ठेवा.

मात्र व्हिडिओ काढला म्हणजे पुरावा झाला, असे नाही. जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही उमेदवारी अर्ज वेळेत भरले की नाही हे दाखवणाऱ्या चित्रीकरणावरून. जुलै 2020 च्या खोतकर निकालाने ठरवले : मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नाही, तर नकलेसोबत प्रमाणपत्र लागतेच. आज ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) मध्ये आहे. म्हणून फिरत आलेल्या व्हॉट्सॲप क्लिपवर विसंबू नका. मूळ फाइल खोडू नका, मोबाइल विकू नका. पोलिसांनी तो जप्त केला तर पंचनामा मागा. व्हिडिओ डिलीट करायला लावण्याचा अधिकार कोणतेही कलम त्यांना देत नाही.

हक्काला मर्यादाही आहेत. लष्करी ठिकाणी बंदी खरीच आहे. पोलिसाच्या कामात आडवे येऊन शूटिंग करू नका. चार पावले मागे राहून करा. स्त्रीचे खासगी क्षण टिपणे गुन्हा आहे. बलात्कारपीडितेची आणि अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. अन्यायाचा निषेध म्हणून आपलेच लोक असे फोटो फॉरवर्ड करतात, तेव्हा पीडितेची दुसऱ्यांदा विटंबना होते. हे थांबले पाहिजे.

ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15अ(10) नुसार या कायद्याखालील कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रीकरण झाले पाहिजे. म्हणजे जी नोंद ठेवणे राज्याचे कर्तव्य आहे, तीच नागरिकाने ठेवली तर गुन्हा कसा? ठाण्यात जाल तेव्हा हे कलम पाठ असू द्या, आणि सुनावणीच्या पहिल्याच तारखेला वकिलामार्फत लेखी मागणी करा. बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक' काढला, कारण आपली बाजू दुसरा कोणी लिहिणार नव्हता. आजही लिहिणार नाही.

जय भीम! जय संविधान!