थेंबापासून पेशीपर्यंत : रक्ताच्या कर्करोगाचा माग

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली. मुंबईच्या या उपनगरांत रक्ताच्या कर्करोगाची पहिली शंका बहुधा गल्लीतल्या पॅथॉलॉजी लॅबमध्येच येते. मुलाचा ताप हटत नाही, अंगावर निळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं. डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, लिहून देतात. पांढऱ्या पेशींचा आकडा खटकला की पॅथॉलॉजिस्ट स्वतः स्मिअर पाहायला बसतात. काचपट्टीवर थेंब घ्यायचा, दुसरी पट्टी तिरकी धरून तो पातळ ओढायचा, वाळला की लीशमनचा रंग घालायचा. जांभळ्या केंद्रकाने जवळजवळ भरलेली मोठी, कोवळी पेशी दिसली, तर ती ‘ब्लास्ट’. पुढची धावपळ तिथून सुरू होते.

या पाहण्याची सुरुवात 1845 सालची. एडिंबरात जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनमध्ये रुडोल्फ फिरखो यांनी, एकमेकांच्या कामाशी संबंध नसताना, पांढऱ्या पेशींनी भरलेल्या रक्ताचं वर्णन केलं. पुढे पॉल एर्लिखने कृत्रिम रंग वापरून पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे काढले. एका आजाराचे अनेक आजार झाले, आणि ज्याचं औषध त्याला देण्याची वाट उघडली.

मुंबईत ही वाट परळला येऊन मिळाली. 1941 मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. घाटकोपरच्या सोमय्या महाविद्यालयातून पुढे आलेले, लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेले डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 मध्ये तिथे भारतातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण होती मायलॉइड ल्युकेमिया झालेली नऊ वर्षांची मुलगी, मज्जा दिली तिच्या भावाने.

पण बरी झालेली काही मुलं पुन्हा आजारी पडत. सूक्ष्मदर्शकाखाली मज्जा स्वच्छ दिसली तरी काही पेशी दडून बसलेल्या असत. त्या शोधायला फ्लो सायटोमेट्री आली. पेशींवरच्या खुणांना चमकणारी प्रतिपिंडं चिकटवायची आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची. दहा हजारांत एक रोगट पेशी असली तरी ती पकडता येते. उरली किती, हे कळलं. त्यांतली कोणती उलटून पुन्हा आजार आणणार, हे मात्र खुणांवरून नेहमीच कळत नाही.

त्या प्रश्नाकडे नेणारा दुसरा धागा एका किड्यातून आला. 1993 मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत इवलासा आरएनए ओळखला. जेमतेम 22 अक्षरांचे हे मायक्रोआरएनए स्वतः प्रथिन बनवत नाहीत, इतर जनुकांचे संदेश दाबून धरतात. 2002 मध्ये जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवलं की क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात 13व्या गुणसूत्राचा जो तुकडा वारंवार गळतो, त्यात मायक्रोआरएनए-15 आणि 16 यांची जनुकं असतात. कृमीतल्या शोधाला 2024 चं नोबेल मिळालं.

निदानासाठी हे रेणू वापरण्याचं काम आपल्याकडेही झालं आहे. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने मेड्युलोब्लास्टोमा या मुलांच्या मेंदूतल्या गाठीचे उपप्रकार ओळखणारी चाचणी 2013 मध्ये मांडली. तिच्यात मायक्रोआरएनए आहेत. ते इतके लहान की मेणात जपलेल्या जुन्या नमुन्यांतही तग धरतात.

एकाच पेशीत मायक्रोआरएनए मोजणं मात्र फार अवघड. लाखो पेशी एकत्र वाटून मोजलं तर सरासरी हाती लागते, आणि उलटणारी पेशी त्या सरासरीत बुडते. एकेका पेशीतले संदेश वाचण्याच्या नेहमीच्या पद्धती संदेशाच्या शेपटीला धरतात. मायक्रोआरएनएला ती शेपटीच नसते, म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना वेगळे तुकडे जोडावे लागतात. 2016 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने हे एका पेशीवर साधलं. 2019 मध्ये येल विद्यापीठात एकाच पेशीचा अर्क निम्मा-निम्मा केला गेला. एका भागात मायक्रोआरएनए वाचले, दुसऱ्यात जनुकांचे संदेश. त्यासाठी घेतलेल्या के-562 पेशींचं मूळ ल्युकेमियाच्या एका रुग्णात आहे. दाबणारा आणि दाबला जाणारा एकाच पेशीत शेजारी शेजारी दिसले.

एकेका पेशीतलं हे वाचन अजून संशोधनात आहे, उपनगरातल्या लॅबच्या दरपत्रकात नाही. ते तिथवर येऊ शकतं, याची खात्री पवईने दिली आहे. तिथल्या आयआयटी मुंबईत घडलेल्या, बी-पेशींच्या हट्टी कर्करोगांवरच्या नेक्सकार-19 या पेशी-उपचाराला 2023 मध्ये परवानगी मिळाली, आणि त्याची किंमत परदेशी उपचाराच्या साधारण दशांश आहे. बोरिवलीत महापालिकेचं मुलांच्या रक्तविकारांचं आणि मज्जा प्रत्यारोपणाचं केंद्र आहे. अशा ठिकाणी येणाऱ्या मुलांचे नमुने, पालकांच्या संमतीने, जपून ठेवायला हवेत. पुढची पाच-दहा वर्षं त्या मुलांची खबर घेत राहिलं, तरच कोणती पेशी उलटते हे आपल्या मुलांच्या रक्तातून कळेल. स्मिअर गल्लीत पोहोचला तो स्वस्त आणि शिकता येण्याजोगा झाला म्हणून. एकेका पेशीतले मायक्रोआरएनए मोजणाऱ्या नव्या चाचणीचं मोलही त्याच कसोटीवर ठरलं पाहिजे.