नट किती आवळायचा?

माझ्या जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकाकडून, खड्ड्यातून जाताना, टक् टक् असा आवाज येऊ लागला. सस्पेन्शनच्या आर्ममधला रबरी बुश फाटला होता. गॅरेजमध्ये नवा बुश बसवला जात असताना मी शेजारीच उभा होतो. मेकॅनिकने बोल्टला पाना लावला, दोन झटके दिले आणि म्हणाला, “झालं, सर.”

“किती आवळला?” मी विचारले.

“हाताला कळतं ना, सर.”

मी पडलो विज्ञानाचा माणूस. गाडीच्या पुस्तिकेतला आकडा त्याला दाखवला, शेजारच्या दुकानातून टॉर्क पाना मागवला आणि बोल्ट बरोबर त्या आकड्यावर आवळून घेतला. समाधानाने घरी आलो. सहा महिन्यांत तोच बुश पुन्हा फाटला.

आकडा बरोबर होता, मोजमापही बरोबर होते. मग चुकले काय? याचे उत्तर शेवटी पाहू. पण या निमित्ताने ‘नट किती आवळायचा’ या साध्या प्रश्नाचा इतिहास मी चाळला. शिक्षकांनी वर्गात सांगावा असा तो आहे, कारण तो मुळात मोजमापाचा इतिहास आहे.

आट्यांची शिस्त

स्क्रू ही माणसाची जुनी युक्ती. द्राक्षे आणि ऑलिव्ह पिळण्याच्या घाण्यांत रोमन काळातच लाकडी स्क्रू वापरले जात. दंडाभोवती गुंडाळलेली उतरण म्हणजे स्क्रू, हे आपण शाळेत शिकवतोच. पण धातूचे, एकसारखे आटे पाडणे फार काळ जमले नव्हते. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी अचूक आटे पाडणारे लेथ तयार केले. तरीही प्रत्येक कारखान्याचे आटे निराळेच असत. एका बोल्टचा नट दुसऱ्याला बसत नसे. यंत्र उघडले, की कोणता नट कोणत्या बोल्टचा, याच्या खुणा करून ठेवाव्या लागत.

मॉडस्ले यांच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्टचे नमुने गोळा केले आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली : आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक जाडीसाठी ठरलेले आटे. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये ६० अंशांची पद्धत मांडली. आता कुठलाही नट त्या मापाच्या कुठल्याही बोल्टला बसू लागला. मात्र तो किती आवळायचा, हे अजूनही कामगाराच्या हातावरच अवलंबून होते. त्या हाताला थोडा लगाम होता तो पान्याच्या लांबीचा. लहान बोल्टचा पाना आखूड आणि मोठ्याचा लांब असतो, तो काही उगाच नाही.

बोल्ट म्हणजे स्प्रिंग

नट घट्ट बसतो म्हणजे नेमके काय होते? नट फिरवला की तो पुढे सरकतो. जोडायचे भाग एकमेकांना भिडले, की त्याला सरकायला जागा उरत नाही. तरीही फिरवत राहिलो, तर बोल्टचा दंड ताणला जातो आणि मधले भाग दाबले जातात. रॉबर्ट हूक यांनी १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम, म्हणजे ताण आणि वाढ समप्रमाणात असतात हा, पोलादाच्या बोल्टलाही लागू पडतो. बोल्ट म्हणजे एक अतिशय ताठ स्प्रिंगच होय.

सस्पेन्शनमध्ये आढळणारा १२ मिलिमीटर जाडीचा, ८.८ प्रतीचा बोल्ट घ्या. तो नीट आवळला, की त्यात सुमारे ३३,००० न्यूटन ताण निर्माण होतो. हे जवळजवळ साडेतीन टन वजन झाले! आणि त्याची लांबी किती वाढते? ५० मिलिमीटर लांबीत मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकी, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. सारा जोड या अदृश्य लांबीवर उभा असतो.

इतका ताण हवाच कशाला? हे एकोणिसाव्या शतकातील रेल्वेच्या अनुभवाने कळू लागले. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. भार पेलण्यास पुरेसा असलेला आस मोडतो कसा? प्रशियातील रेल्वे अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत केलेल्या प्रयोगांतून उत्तर मिळाले. एकदा दिलेल्या मोठ्या भाराने न तुटणारे लोखंड त्याहून लहान भार लाखो वेळा कमीजास्त होत राहिला, तर तुटते. धातू ‘थकतो’. म्हणजे बोल्टला खरा धोका मोठ्या ताणापेक्षा बदलत्या ताणाचा आहे. या बदलापासून बोल्टला वाचवतो तो आधीच दिलेला ताण, म्हणजेच पूर्वताण.

हे विधान विद्यार्थ्यांना चटकन पटत नाही. त्यासाठी एक सोपा प्रयोग करावा. ताणकाटा पक्क्या खिळ्याला टांगा. त्याचा आकडा खाली ओढून ५ किलोग्रॅमची खूण दाखवेपर्यंत ताणा आणि काट्याचे कवच व आकडा यांच्यामध्ये लाकडाचा तुकडा असा अडकवा, की आकडा परत वर जाणार नाही. आता काही न टांगताही काटा ५ किलोग्रॅम दाखवतो. त्याला २ किलोग्रॅमचे वजन लावा. काटा ५ वरच! ४ किलोग्रॅम लावा. तरीही ५ वरच. फक्त लाकडाच्या तुकड्यावरचा दाब कमी होत जातो. वजन ५ च्या पुढे गेले, की तुकडा सैल होऊन पडतो आणि मग प्रत्येक बदल स्प्रिंगला जाणवू लागतो.

स्प्रिंग म्हणजे बोल्ट, लाकडाचा तुकडा म्हणजे जोडलेले भाग आणि वजन म्हणजे रस्त्यावरचे हादरे. प्रत्यक्षात जोडलेले भागही थोडे लवचीक असतात, त्यामुळे हादऱ्याचा लहानसा वाटा बोल्टपर्यंत पोहोचतोच, पण लहानसाच. ढिला बोल्ट मात्र प्रत्येक खड्डा मोजत राहतो.

हाताऐवजी काटा

पूर्वताण हवा, पण किती? कमी पडला तर जोड ढिला आणि जास्त झाला तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. ताण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याऐवजी पाना फिरवण्यासाठी लागणारा पीळ मोजण्याची कल्पना पुढे आली. पान्यावरील बल गुणिले पान्याची लांबी म्हणजे टॉर्क, अर्थात बलाचे आघूर्ण. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ३२० न्यूटन, म्हणजे सुमारे ३३ किलोग्रॅम भाराइतके बल लावले, की ८० न्यूटन-मीटर टॉर्क होतो.

टॉर्क पान्याचे श्रेय सामान्यतः न्यूयॉर्कच्या पाणी खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना दिले जाते. जमिनीखालच्या मोठ्या नळांच्या जोडांवरील बोल्ट प्रमाणाबाहेर आवळले जात. ते टाळण्यासाठी १९१८ च्या सुमारास त्यांनी ही युक्ती केली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मोटार उद्योगात दांडीचा टॉर्क पाना आला. त्यात पान्याची दांडी वाकते आणि न वाकणारा काटा पट्टीवर आकडा दाखवतो. पुन्हा हूकचाच नियम! हात बदलला तरी आकडा बदलत नाही, ही मोठी सोय झाली.

नऊ भाग घर्षणाला, एक भाग कामाला

पण येथे एक पेच आहे. वरच्याच बोल्टचे गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्या. टॉर्क ८० न्यूटन-मीटर. एका पूर्ण फेऱ्यात केलेले कार्य २π × ८०, म्हणजे सुमारे ५०० ज्यूल. एका फेऱ्यात नट १.७५ मिलिमीटर पुढे सरकतो. सारे कार्य बोल्ट ताणण्यास लागले असते, तर ताण ५०० भागिले ०.००१७५, म्हणजे जवळजवळ २,८७,००० न्यूटन झाला असता. एवढ्या ताणाने बोल्ट केव्हाच तुटला असता. प्रत्यक्षात मिळतात ३३,००० न्यूटन, म्हणजे जेमतेम नववा भाग. बाकीचे जाते कोठे? साधारण निम्मे नटाच्या किंवा डोक्याच्या बैठकीखालच्या घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के आट्यांमधील घर्षणात.

या घर्षणाला दोष देऊ नये. ते नसते, तर हात सोडताच नट उलटा फिरला असता. पण ते लहरी आहे. आट्यांना गंज असेल तर वाढते, तेल लागले तर घटते. समजा, तेलामुळे घर्षण एक तृतीयांशाने कमी झाले. टॉर्क पाना तेच ८० दाखवील, मात्र ताण सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढून बोल्टच्या सुरक्षित मर्यादेला जाऊन भिडेल. उलट गंजलेल्या बोल्टवर तोच आकडा खोटे समाधान देतो. कोरडे आटे की तेल लावलेले, जुना बोल्ट की नवा, या सूचना पुस्तिकेत असतात त्या यासाठी. स्वच्छ आटे आणि चांगला पाना असूनही एकाच टॉर्कला मिळणाऱ्या ताणात पंचवीस-तीस टक्के इकडेतिकडे होणे सामान्य मानले जाते.

म्हणजे आपण मोजतो टॉर्क, आणि हवा असतो ताण.

पूल बांधणाऱ्यांची युक्ती

हा फरक पूल बांधणाऱ्यांनी गांभीर्याने घेतला. पूर्वी पोलादी पूल रिव्हेटांनी जोडत. लालभडक तापलेला रिव्हेट ठोकून बसवला, की थंड होताना आकसतो आणि पत्रे आवळून धरतो. त्याच्या जागी मजबूत बोल्ट वापरता येतील का, याचे प्रयोग १९३० च्या दशकात इंग्लंड व अमेरिकेत झाले. अमेरिकेत १९४७ मध्ये यासाठी एक संशोधन मंडळ स्थापन झाले आणि १९५१ मध्ये त्याच्या नियमावलीने रिव्हेटांऐवजी बोल्ट वापरण्यास मान्यता दिली.

बांधकामाच्या जागी पाऊस, धूळ, गंज. तेथे टॉर्कचा काय भरवसा? म्हणून टॉर्कचा आकडा सोडून कोन मोजण्याची पद्धत पुढे आली. आधी पत्रे नीट भिडेपर्यंत नट आवळायचा आणि तेथून पुढे ठरावीक कोनातून, बहुधा अर्धा फेरा, फिरवायचा. नट किती पुढे सरकला हे आट्यांची भूमिती ठरवते, घर्षण नव्हे. शिवाय येथे बोल्ट स्थितिस्थापकतेच्या मर्यादेपलीकडे किंचित ताणला जातो. त्या टप्प्यात थोडे अधिक फिरवले तरी ताण फारसा वाढत नाही आणि लहान चूक सांभाळून घेतली जाते. मोटारींच्या इंजिनांत, आणि काही गाड्यांच्या सस्पेन्शनमध्येही, ‘इतका टॉर्क आणि पुढे इतके अंश’ अशी सूचना असते. असा मर्यादेपलीकडे ताणलेला बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो.

नट ढिला होतो कसा?

१९६९ मध्ये जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी आणखी एक कोडे सोडवले. जोडाला आडवे हादरे देत देत बोल्टमधला ताण मोजणारे यंत्र त्यांनी वापरले. जोडलेले भाग एकमेकांवर किंचित जरी आडवे घसरले, तरी आट्यांतील घर्षणाची पकड सुटते आणि नट आपोआप उलटा फिरू लागतो, असे दिसले. अशा हादऱ्यांपुढे साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. खरा उपाय एकच : भाग घसरूच नयेत इतका पूर्वताण.

हा प्रश्न किती जिवावरचा आहे, ते १० मे २००२ रोजी इंग्लंडमधील पॉटर्स बार येथे दिसले. सांधा बदलणाऱ्या रुळांना जोडून ठेवणाऱ्या दांड्यांचे नट ढिले झालेले आणि निघालेले चौकशीत आढळले. गाडीखालीच रूळ सरकले, डबा घसरला आणि सात माणसे मृत्युमुखी पडली.

माझा बुश का फाटला?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सस्पेन्शनच्या बुशमध्ये दोन धातूच्या नळ्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेले रबर असते. बोल्ट आवळला, की आतली नळी चौकटीला पक्की धरली जाते. चाक वरखाली होते तेव्हा नळी फिरत नाही. रबर पिळवटते आणि परत येते. माझी गाडी उचललेली असताना, चाके खाली लोंबकळत असताना, आम्ही तो बोल्ट पूर्ण आवळला. रबराची ‘शून्य’ स्थिती तेथे ठरली. गाडी जमिनीवर आली, तसे रबर पिळवटले ते कायमचेच. प्रत्येक खड्ड्याने त्यात भर घातली.

हे मला एका वयस्कर मेकॅनिकने समजावले. त्याने गाडी चाकांवर उभी केली, तिचा भार नीट बसू दिला, बोल्ट स्वच्छ पुसला आणि मग टॉर्क पाना लावला. तो आवाज पुन्हा आला नाही.

पहिल्या मेकॅनिकचा हात अपुरा होता, यात शंका नाही. पण माझा आकडाही अपुराच होता. मी मोजलेली राशी आणि मला हवी असलेली गोष्ट यांच्यामध्ये घर्षण होते, रबर होते, गाडीची स्थिती होती. विद्यार्थी प्रयोगवहीत आकडा लिहितो, तेव्हा त्याला एवढेच विचारावे : तू काय मोजलेस, आणि तुला काय हवे होते?