भारतीय सुती कापडाची निर्यात व इंग्लंडचे आयातकर

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईस्ट इंडिया कंपनीने इंग्लंडात नेलेल्या मालात भारतीय सुती कापडाला अग्रस्थान मिळाले. त्यामुळे तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांचा धंदा बसू लागला, तेव्हा पार्लमेंटने १७०० च्या कायद्याने भारतीय छिटांच्या वापरास बंदी घातली. १७२१ मध्ये ती आणखी कडक करण्यात आली. तथापि मलमल व कोरे कापड जकात भरून येतच राहिले आणि पुनर्निर्यातीसाठी छिटेही लंडनमार्गे इतर देशांत जात. म्हणजे निर्यातीची वाट अरुंद झाली, बंद झाली नाही.

खरा आघात नेपोलियनशी चाललेल्या युद्धाच्या काळात झाला. १८१२ मध्ये इंग्लंडात भारतीय कोऱ्या कापडावर सु. ७२ टक्के व मलमलीवर सु. २७ टक्के कर होता. १८२४ मध्ये मलमलीवरील कर ३७.५ टक्क्यांवर गेला. याउलट इंग्रजी कापड भारतात अवघ्या २.५ टक्के जकातीवर उतरत असे. त्याहून विपरीत प्रकार खुद्द बंगालमध्ये होता. कापूस, सूत, कापड आणि रंगविलेले कापड अशा प्रत्येक टप्प्यावर अंतर्गत जकात पडून देशी मालावरील एकूण बोजा १७.५ टक्क्यांपर्यंत जाई. विणकराला स्वदेशातच परक्याहून अधिक कर भरावा लागे.

१८१४ मध्ये भारतातून ब्रिटनला सु. १२.६७ लाख नग सुती कापड गेले. १८३५ मध्ये ते ३.०६ लाखांवर आले. त्याच काळात भारतात येणारे ब्रिटिश कापड ८.१८ लाख वारांवरून ५.१८ कोटी वारांवर गेले. ढाक्याहून इंग्लंडला होणारी मलमलीची निर्यात तर १८१७ मध्येच थांबली होती.

या ऱ्हासाचे सारे खापर जकातींवर फोडणे मात्र योग्य नव्हे. १८३२ मध्ये इंग्लंडातील कर १० टक्क्यांवर आला, तरी गेलेली बाजारपेठ परत मिळाली नाही. यंत्रावरचे सूत तोवर फार स्वस्त झाले होते. लँकाशरच्या गिरण्या बाल्यावस्थेत असताना त्यांना संरक्षण मिळाले आणि भारतीय विणकराला प्रतिकर लावणारे स्वतःचे सरकार नव्हते, हे जकातींचे खरे महत्त्व होय. ट्रेव्हेल्यन यांच्या अहवालानंतर बंगालमधील अंतर्गत जकाती १८३६ मध्ये, मुंबई इलाख्यातील १८३८ मध्ये व मद्रासमधील १८४४ मध्ये उठल्या. तोपर्यंत अनेक मागांवर विलायती सूतच चढले होते.