घरच्या लॅपटॉपसाठी बिनतारी इंटरनेट : जोडणी, जागा आणि जबाबदारी

रायपूर शहरातील समता कॉलोनीसारख्या निवासी वसाहतीत लॅपटॉप सुरू केला, की स्वतःच्या घरातील नेटवर्कबरोबरच शेजारच्या घरांतील नेटवर्कची नावेही पडद्यावर दिसू लागतात. आपल्याला शेजाऱ्याचे नेटवर्क दिसते, त्याचप्रमाणे शेजाऱ्याला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी व्यक्तीलाही आपले नेटवर्क दिसत असते. घरात बिनतारी इंटरनेट सुरू करणे हे आज अर्ध्या तासाचे काम झाले आहे. मात्र ते सुरक्षितपणे बंदिस्त केल्याशिवाय जोडणीचे काम पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही.

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडशी मराठी भाषकांचा संबंध आहे. समता कॉलोनीलगतच्या चौबे कॉलोनीत रायपूरचे महाराष्ट्र मंडळ आहे. पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेल्या मुलांशी दृक्‌श्राव्य संभाषण, बँकेचे व्यवहार, विद्यार्थ्यांचा अभ्यास आणि घरून चालणारे कार्यालयीन काम या सर्वांसाठी अशा घरांना इंटरनेटची गरज भासते. घरगुती वाय-फाय कसे बसवावे आणि कसे सांभाळावे, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

वाय-फायचा प्रवास

बिनतारी संगणक जाळ्यासाठीचे ८०२.११ हे मानक आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९७ मध्ये जाहीर केले. 'वाय-फाय' हे व्यापारी नाव १९९९ मध्ये प्रचारात आले. मार्च २००३ मध्ये इंटेल कंपनीने 'सेंट्रिनो' तंत्रज्ञान बाजारात आणल्यानंतर लॅपटॉपमध्येच वाय-फायची सोय असण्याची पद्धत रूढ झाली. त्यापूर्वी त्यासाठी बहुधा वेगळे कार्ड विकत घ्यावे लागत असे.

भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ हा लहरपट्टा वाय-फायसाठी परवानामुक्त करण्यात आला. त्याच महिन्यात भारत संचार निगमने 'डेटावन' ही ब्रॉडबँड सेवा सुरू केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट वेगाच्या जोडणीस ब्रॉडबँड म्हटले जात असे. जानेवारी २०२३ पासून ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली आहे. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग घराबाहेरील वापरासाठीही परवानामुक्त झाला. त्यामुळे घरात राउटर लावण्यासाठी ग्राहकाला स्वतंत्र परवाना घ्यावा लागत नाही.

जोडणीसाठी काय लागते

घरात येणारी इंटरनेटची तार, त्या तारेतील संदेश संगणकाला समजेल अशा रूपात आणणारे उपकरण आणि ते घरभर पसरवणारा राउटर, असे या व्यवस्थेचे तीन भाग असतात. तांब्याच्या दूरध्वनी तारेवर हे काम मोडेम करतो. प्रकाशीय तंतूच्या म्हणजे फायबरच्या जोडणीत मोडेमची जागा ओएनटी हे उपकरण घेते. अनेक ठिकाणी ओएनटी आणि राउटर एकाच खोक्यात असतात. सेवा पुरवठादाराने दिलेले उपकरण असे एकत्रित आहे का, हे आधी विचारून घेतल्यास वेगळ्या राउटरचा खर्च वाचू शकतो.

लॅपटॉपमध्ये वाय-फायची सोय असतेच. मात्र जुन्या लॅपटॉपना बऱ्याचदा केवळ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी घेता येतात. अशा वेळी यूएसबी खाचेत बसणारा छोटा वाय-फाय अडॅप्टर लावून काम भागते. काही लॅपटॉपवर वाय-फाय चालू-बंद करणारी स्वतंत्र कळ असते. नेटवर्क अजिबात दिसत नसल्यास प्रथम ही कळ आणि 'एअरप्लेन मोड' तपासावा.

राउटर कोठे ठेवावा

तार ज्या कोपऱ्यातून घरात येते, तेथेच राउटर ठेवण्याकडे लोकांचा कल असतो. परिणामी समोरच्या खोलीत भरपूर आणि मागच्या खोलीत नाममात्र वेग मिळतो. राउटर शक्यतो घराच्या मध्यभागी, जमिनीपासून चार-पाच फूट उंचीवर आणि मोकळ्या जागी असावा. त्यासाठी लॅनची तार भिंतीच्या कडेने थोडी लांब न्यावी लागली तरी हरकत नाही.

विटांच्या भिंतीतून लहरी क्षीण होऊन पार जातात. सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या छतातून त्या आणखी क्षीण होतात. धातू त्यांना परतवतो आणि पाणी त्यांना शोषून घेते. म्हणून लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्या आड राउटर ठेवू नये. छत्तीसगड आणि विदर्भातील घरांत उन्हाळ्यात खिडकीला बसवला जाणारा कूलर हाही मोठाच अडथळा ठरू शकतो. लोखंडी पत्रा, पाण्याने भरलेली टाकी आणि भिजलेल्या जाळ्या असे तिन्ही अडथळे त्यात एकत्र येतात. हिवाळ्यात उत्तम चालणारे वाय-फाय एप्रिल-मे महिन्यांत मंदावले, तर राउटर आणि लॅपटॉप यांच्या मध्ये कूलर आला आहे का, हे पाहावे.

स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्याच लहरींवर चालतो, त्यामुळे तो सुरू असताना जोडणीत व्यत्यय येऊ शकतो. या पट्ट्यातील वाहिन्या एकमेकींवर चढलेल्या असतात. १, ६ आणि ११ या तीन वाहिन्या मात्र परस्परांना त्रास देत नाहीत. शेजारच्या घरांत ६ क्रमांकाची वाहिनी वापरात असेल, तर आपल्या राउटरसाठी १ किंवा ११ निवडावी. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अधिक वेगवान आणि कमी गर्दीचा असतो, पण त्याच्या लहरी भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतात. म्हणून राउटर असलेल्या खोलीत ५ आणि दूरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ, अशी विभागणी सोयीची ठरते.

मांडणीचे टप्पे

१. ओएनटी किंवा मोडेमपासून निघालेली लॅनची तार राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असे लिहिलेल्या खाचेत लावावी. दुसरी तार राउटरच्या 'लॅन' खाचेतून लॅपटॉपला जोडावी. पहिली मांडणी तारेवरून करणे अधिक सोपे जाते.

२. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर त्याचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि मूळ पासवर्ड छापलेला असतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असतो. तो ब्राउझरमध्ये टाइप केल्यावर राउटरचे नियंत्रण पान उघडते.

३. सर्वप्रथम या नियंत्रण पानाचा मूळ पासवर्ड बदलावा. हा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि बहुतेक घरांत तो कधीच बदलला जात नाही.

४. सेवा पुरवठादाराने वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दिला असल्यास 'पीपीपीओई' हा पर्याय निवडून तो भरावा. दिलेला नसल्यास बहुधा स्वयंचलित पर्यायच योग्य असतो.

५. वाय-फायच्या पानावर नेटवर्कला नाव द्यावे. त्यात आडनाव, घरक्रमांक किंवा दूरध्वनी क्रमांक घालू नये.

६. सुरक्षेच्या रकान्यात 'डब्ल्यूपीए-३' किंवा 'डब्ल्यूपीए-२' निवडून नवा पासवर्ड ठरवावा आणि बदल जतन करावेत.

७. लॅपटॉपची तार काढून पडद्याच्या कोपऱ्यातील वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करावे. यादीतून आपले नेटवर्क निवडून पासवर्ड भरावा.

भिंतीबाहेर जाणारी लहर

घरातील राउटरची लहर कुंपणापाशी थांबत नाही. ती किती दूर जाते, हे भिंतींवर आणि समोरच्याच्या अँटेनावर अवलंबून असते. नेटवर्क उघडे असेल, तर घरात पाऊल न ठेवताही बाहेरील व्यक्ती ते वापरू शकते. नवी मुंबईत २००८ मध्ये याचे अत्यंत गंभीर परिणाम दिसून आले.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये झालेल्या साखळी बॉम्बस्फोटांत ५६ जणांचा बळी गेला. स्फोटांच्या काही मिनिटे आधी 'इंडियन मुजाहिदीन' या नावाने एक ई-मेल वृत्तसंस्थांना पाठवण्यात आला होता. तपासात त्याचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाची दहशतवादविरोधी पथकाने चौकशी केली आणि त्याचे संगणक तपासासाठी ताब्यात घेण्यात आले. त्याच्या असुरक्षित वाय-फायचा वापर बाहेरच्या व्यक्तींनी केल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरमधील एका कंपनीच्या नेटवर्कवरूनही असेच ई-मेल पाठवले गेले.

माग घराच्या मालकापर्यंतच का पोहोचतो, याचे कारण तांत्रिक आहे. घरात लॅपटॉप, मोबाइल असे कितीही संच असले, तरी इंटरनेटवर त्या सर्वांची ओळख राउटरच्या एकाच पत्त्याने होते. सेवा पुरवठादाराच्या नोंदींत तो पत्ता ग्राहकाच्या नावावर असतो. राउटरच्या पलीकडे प्रत्यक्षात कोण बसले होते, हे त्या नोंदीवरून कळत नाही. परिणामी निर्दोष ग्राहकालाही चौकशीला सामोरे जावे लागू शकते. या घटनांनंतर फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्रीय दूरसंचार विभागाने बिनतारी जोडण्या सुरक्षित ठेवण्याबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या.

कुलूप कोणते असावे

वाय-फायसाठीची 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ मध्येच कमकुवत सिद्ध झाली. तिच्या जागी २००३ मध्ये 'डब्ल्यूपीए', २००४ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ मध्ये 'डब्ल्यूपीए-३' आली. २०१७ मध्ये 'डब्ल्यूपीए-२' मध्येही एक त्रुटी आढळली होती. मात्र उपकरणांच्या प्रणाली अद्ययावत करून ती दूर करता येते. त्यामुळे राउटरची अंतर्गत प्रणाली अधूनमधून अद्ययावत करणे आवश्यक ठरते. राउटरमध्ये केवळ 'डब्ल्यूईपी' हाच पर्याय असेल, तर तो राउटर बदलणेच हिताचे आहे.

पद्धत उत्तम असली तरी पासवर्ड दुबळा असल्यास तिचा उपयोग होत नाही. अनेक घरांत दहा अंकी मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवला जातो. राउटर आणि लॅपटॉप यांच्यातील पहिली देवाणघेवाण टिपून घेतली, की दहा अंकांच्या सर्व शक्यता शक्तिशाली संगणकावर काही तासांत तपासता येतात. त्याऐवजी तांब्या, पाऊस, रिक्षा, कंदील अशा परस्परसंबंध नसलेल्या चार शब्दांची रोमन अक्षरांतील जुळणी आणि मध्ये एखादा अंक, असा पासवर्ड लक्षात ठेवण्यास सोपा आणि ओळखण्यास कठीण असतो. अर्थात, येथे दिलेले शब्द जसेच्या तसे वापरू नयेत.

नेटवर्कचे नाव लपवून ठेवणे हा सुरक्षेचा उपाय समजला जातो, पण साध्या साधनांनी ते नाव शोधता येते. एक कळ दाबून किंवा आठ अंकी क्रमांक भरून जोडणी देणारी 'डब्ल्यूपीएस' ही सोय बंद ठेवणे इष्ट आहे.

पाहुणे आणि भाडेकरू

तळमजल्यावर घरमालक आणि वरच्या मजल्यावर विद्यार्थी किंवा नोकरदार भाडेकरू असलेल्या घरांत एकच जोडणी वाटून घेतली जाते. अशा वेळी राउटरमधील 'गेस्ट नेटवर्क' हा पर्याय उपयुक्त ठरतो. त्याचे नाव आणि पासवर्ड वेगळा असतो, तसेच ते वापरणाऱ्यास घरच्या लॅपटॉपमधील फायलींपर्यंत पोहोचता येत नाही. भाडेकरू बदलला की हा पासवर्डही बदलावा. मात्र बाहेरच्या जगासाठी दोन्ही नेटवर्कचा पत्ता एकच राहतो, हे घरमालकाने विसरू नये.

वीज आणि पाऊस

बरेच घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांना वीज फारच कमी लागते. त्यामुळे वीज गेल्यास छोट्या बॅटरी संचावर ते काही तास सुरू राहू शकतात. ओएनटी वेगळे असल्यास त्यालाही बॅटरीची जोड द्यावी लागते, अन्यथा राउटर सुरू असूनही इंटरनेट मिळत नाही. पावसाळ्यात विजा कडाडत असताना राउटरचा प्लग काढून ठेवावा. जोडणी तांब्याच्या तारेवर असेल, तर दूरध्वनीची तारही काढावी.

वेग कमी पडल्यास

तक्रार नोंदवण्यापूर्वी लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तारेवर पुरेसा वेग मिळत असेल, तर दोष घरातील लहरींमध्ये आहे. अशा वेळी जागा, वाहिनी किंवा पट्टा बदलून पाहावा. तारेवरही वेग कमी असेल, तर सेवा पुरवठादाराशी संपर्क साधावा. रात्रीच्या ठरावीक वेळीच वेग घटत असल्यास राउटरच्या नियंत्रण पानावरील जोडलेल्या संचांची यादी पाहावी. त्यात अनोळखी संच आढळल्यास पासवर्ड त्वरित बदलावा. आपल्या जोडणीचा वापर करून आर्थिक फसवणूक झाल्याचा संशय असल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

ही यादी महिन्यातून एकदा पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. दाराला कडी घातली आहे ना, हे रात्री झोपण्यापूर्वी पाहण्याची घरोघरची सवय आता राउटरलाही लागू करणे गरजेचे झाले आहे.