कठीण म्हणजे टिकाऊ नव्हे

1875 साली इंग्लंडमध्ये विल्यम जॉन्सन यांनी लोखंडी तार काही मिनिटं आम्लात बुडवली. वाकवताच ती मोडली. पण काही दिवस नुसती ठेवलेली तार पुन्हा चिवट झाली. आत शिरलेला हायड्रोजन निघून गेला होता.

1882 मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी पोलादात सुमारे 13 टक्के मँगनीज घातलं. ठोके खाऊन आणखी कठीण होणारं हे पोलाद रेल्वेच्या क्रॉसिंगला आलं. पण आजची जास्त मँगनीजची पोलादंही हायड्रोजनपासून पूर्ण सुटलेली नाहीत.

आपल्या वाळूजसारख्या वसाहतीत कठीण बोल्टला जस्ताचा मुलामा देतानाही तोच हायड्रोजन आत शिरतो. म्हणून बोल्ट सुमारे 200 अंशांवर काही तास तापवतात. ही पायरी गाळली, तर तपासणीत पास झालेला बोल्ट पुढे गाडीत अचानक तुटू शकतो. जॉन्सनची तार आम्ही विसरत नाही, ती यासाठी.